मूल लांबणीवर पडते ते नेमके कशामुळे?

शेवंती (प्रश्न)

मी ३४ वर्षांची आहे. लग्नाला सात वर्षे झाली आणि आम्हाला मूल नाही. मूल नको आहे असेही नाही. गेल्या महिन्यात एका जुन्या मैत्रिणीने सहज विचारले, ‘तुम्ही थांबायचे कधी ठरवलेत?’ मला उत्तर देता आले नाही, कारण असे आम्ही कधी ठरवलेच नव्हते. लग्नानंतरची पहिली दोन वर्षे माझे पदव्युत्तर शिक्षण चालू होते, त्यामुळे विषय निघाला नाही. पुढे माझी नोकरी नवी होती. मग नवऱ्याची नोकरी गेली. दुसरी मिळाली ती दुसऱ्या शहरात, आणि दीड वर्ष आम्ही दोन घरे चालवली. ती संपली तेव्हा घराचे कर्ज काढले. दर वेळी ‘एवढे एक होऊ दे, मग बघू’ इतकेच बोलणे झाले, आणि ती ‘एवढी एक’ गोष्ट झाली की तिच्या मागे दुसरी उभी असायची.

हा विषय निघाला की तीन कारणे ठरलेली असतात: मुली फार शिकल्या, त्यांना नोकरीत पुढे जायचे आहे, आणि त्यांना मोकळे राहण्याची सवय लागली आहे. तिन्हींमध्ये थोडेफार तथ्य असेलही, परंतु माझ्या सात वर्षांकडे मागे वळून पाहते तेव्हा त्यांतले एकही मला पुरेसे वाटत नाही. नोकरीत मी फार पुढे गेलेली नाही आणि मोकळी तर मुळीच नाही.

म्हणून या विषयाचा अभ्यास असलेल्या किंवा यातून गेलेल्या सभासदांना विचारावेसे वाटते. बाळंतपण पुढे जाण्यामागे पैशाचा भाग किती आणि आजूबाजूच्या माणसांच्या अपेक्षांचा किती, हे कोणी मोजून पाहिले आहे का? जी लांबवतात त्यांना पुढे मुले होतातच, की लांबवणे हे न होण्याचेच सभ्य नाव आहे? आणि सरकारने रजा किंवा पाळणाघरे दिली की खरोखर काही बदलते का?

एक विनंती आहे. ‘आता घाई करा’ हा सल्ला मला घरातून, शेजारातून आणि दाताच्या डॉक्टरांकडूनही मिळालेला आहे. तेवढा वगळून लिहावे.

मोजपट्टी

शेवंतीताई, मी लोकसंख्याशास्त्र शिकवतो. ‘आम्ही ठरवलेच नव्हते’ हे तुमचे वाक्य मला साऱ्या विषयाची किल्ली वाटते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

मराठीत मूल ‘होते’. दिवस ‘जातात’ किंवा ‘राहतात’. या क्रियापदांत कोणी काही ठरवल्याचा मागमूस नाही, आणि ही भाषा घडली तेव्हा ते खरेही होते. अमेरिकेत १९६० मध्ये गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत जगाच्या मोठ्या भागात ‘होणे’ मागे पडून ‘होऊ देणे’ आले. वरवर हा फरक एका क्रियापदाचा आहे, पण त्यामुळे गाडीचा सरळ मार्गच बदलला. पूर्वी काहीही केले नाही तर मूल होत असे आणि ते टाळण्यासाठी काहीतरी करावे लागे. आता काही केले नाही तर मूल होत नाही, आणि होऊ देण्यासाठी दोन माणसांनी एका विशिष्ट महिन्यात ‘आता’ असे म्हणावे लागते. ‘आता’ म्हणायला कारण लागते, ‘अजून नाही’ म्हणायला लागत नाही. लांबवणे हा बहुतेकदा निर्णय नसतोच. निर्णय न झाल्याने साचलेला तो काळ असतो.

आता आकडे. अमेरिकेत पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आईचे सरासरी वय १९७० मध्ये २१.४ वर्षे होते, ते २०२३ मध्ये २७.५ झाले. युरोपीय संघात २०१३ ते २०२२ या अवघ्या नऊ वर्षांत ते २८.८ वरून २९.७ वर गेले. दक्षिण कोरियात ते ३३ आहे. देश, धर्म, सरकारे वेगवेगळी असूनही दिशा एकच आहे, तेव्हा एखाद्या पिढीच्या किंवा एखाद्या समाजाच्या स्वभावावर याचे खापर फोडण्यात फारसा अर्थ नाही.

‘फार शिकल्या’ हे कारण लोक समजतात त्या अर्थाने खरे नाही. शिक्षणाने स्त्रीच्या मनातून मूल जाते असे अभ्यासांत दिसत नाही. दिसते ते हे की शिकत असलेली व्यक्ती, मग ती काहीही शिकत असो, त्या काळात सहसा पालक होत नाही, कारण विद्यार्थी आणि पालक या दोन भूमिका एकत्र निभावणे कठीण असते आणि समाजालाही ते रुचत नाही. शिक्षण पाच वर्षांनी लांबले की पुढच्या साऱ्या गोष्टी जवळपास तितक्याच सरकतात.

पैशाच्या बाबतीत सर्वांत बोलकी दोन संशोधने सांगतो. डेन्मार्कमध्ये हेनरिक क्लेवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या मुलाच्या आधीची आणि नंतरची मिळकत वर्षानुवर्षे तपासली. मूल होईपर्यंत स्त्री-पुरुषांच्या रेषा जवळजवळ बरोबर चालतात. मूल होते आणि स्त्रीची रेषा खाली कोसळते. पुरुषाची जशीच्या तशी पुढे जाते. दीर्घकाळात हा फरक सुमारे २० टक्क्यांवर स्थिरावतो, आणि तोही पाळणाघरांची उत्तम सोय असलेल्या देशात. दुसरे काम अमालिया मिलर यांचे, अमेरिकेतल्या माहितीवरचे. उशिरा आई होणाऱ्या स्त्रिया मुळातच वेगळ्या असतात, ही शंका टाळण्यासाठी त्यांनी गर्भपात होणे किंवा गर्भनिरोधक निकामी ठरणे अशा, बाईच्या हातात नसलेल्या कारणांनी ज्यांची वेळ मागेपुढे झाली त्यांची तुलना केली. आई होणे एक वर्ष पुढे गेले की स्त्रीची मिळकत सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की घरात ‘आणखी एक वर्ष थांबू’ म्हणणारी बाई हिशेबात चुकत नसते. त्या एका वर्षापुरता तिचा हिशेब दर वर्षी बरोबरच येतो, आणि अडचण नेमकी तीच आहे.

सामाजिक बाजूचे एक मोठे कारण आपण कारण म्हणून पाहतच नाही, ते म्हणजे लग्न. फ्रान्समध्ये निम्म्याहून अधिक मुले विवाहबाह्य जन्मतात. जपानमध्ये हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आहे आणि दक्षिण कोरियातही २०२३ पर्यंत ते ५ टक्क्यांहून कमी होते. जिथे मुलाच्या आधी लग्न हवेच, तिथे लग्नासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे नोकरी, घर, दोन्ही कुटुंबांची संमती, मुलाच्याही आधी लागते. रांग एकच असते आणि मूल तिच्या शेवटी उभे असते.

लांबवलेली मुले पुढे होतात का, या प्रश्नाचे उत्तर ‘पुष्कळशी होतात, सगळी नाही’ असे आहे. चेक प्रजासत्ताकात १९९० च्या दशकात तरुणांनी बाळंतपणे पुढे ढकलली आणि एकूण जननदर (म्हणजे त्या वर्षीचा कल कायम राहिला तर एका स्त्रीला सरासरी किती मुले होतील तो आकडा) १९९९ मध्ये १.१३ पर्यंत उतरला. राष्ट्र नष्ट होणार अशी हाकाटी झाली. पुढे त्याच स्त्रियांना तिशीत मुले होऊ लागली आणि २०२१ मध्ये दर १.८३ पर्यंत चढला. वार्षिक जननदर हा त्या एका वर्षाचा फोटो असतो. रांग पुढे सरकत असताना काढला तर तो रिकामा दिसतो. (अवांतर: याचे सर्वांत विलक्षण उदाहरण जपानचे आहे. तिथल्या पारंपरिक पंचांगानुसार १९६६ हे ‘अग्नी-अश्व’ वर्ष होते आणि त्या वर्षी जन्मलेल्या मुली नवऱ्याला घातक ठरतात अशी समजूत असल्याने जननदर एका वर्षात २.१४ वरून १.५८ वर आला आणि १९६७ मध्ये पुन्हा २.२३ झाला. विद्यार्थ्यांना हा आलेख दाखवला की त्यांना आधी छपाईची चूक वाटते.) परंतु चेक दर त्यानंतर पुन्हा वेगाने घसरला आहे, त्यामुळे ‘होतीलच’ असा भरवसा कोणी देऊ नये.

अबोली

आकडे मोजपट्टी सरांनी दिले आहेत, मी आतली गोष्ट लिहिते. मला पहिले मूल ३६ व्या वर्षी झाले. त्याआधीची सहा वर्षे मी कंत्राटी नोकरीत होते आणि कंत्राटाचे नूतनीकरण दर वर्षी होत असे.

कंत्राट कधी संपते, नवे झाल्यावर रजेचा हक्क किती महिन्यांनी लागू होतो, कामाची सर्वांत मोठी घाई कोणत्या महिन्यांत असते आणि माझी आई निवृत्त कधी होणार, अशा चार ओळींचा एक तक्ता मी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने आखला होता. चारही ओळी जुळतील असा काळ शोधायचा आणि त्यातून नऊ महिने मागे मोजायचे. वर्षातून जेमतेम पाच-सहा आठवड्यांची फट निघायची. ती हुकली की पुढच्या वर्षीची. खोडून खोडून त्या पानाला शेवटी भोक पडले. पेन्सिलीने आखले होते, कारण पेनाने लिहिण्याइतकी खात्री मला कधीच नव्हती.

माझ्याआधी आमच्या विभागातली एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. तिला कोणी काढले नाही, कोणी वाईटही बोलले नाही. ती परत आली तेव्हा तिची जागा खिडकीपासून मधल्या ओळीत गेलेली होती आणि तिच्या खणातल्या वस्तू एका पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून, वर मार्करने तिचे नाव लिहून, छपाईयंत्राशेजारी ठेवलेल्या होत्या. तिने उभा केलेला प्रकल्प ‘तात्पुरता’ दुसऱ्याकडे दिला होता आणि तो पुढे त्याचाच राहिला. एकही नियम मोडला गेला नव्हता. तरीही आमच्यातल्या प्रत्येकीने ते खोके पाहिले, आणि माझ्या अंदाजाने त्या एका खोक्याने किमान तीन मुले दोन-दोन वर्षे पुढे गेली असतील. रजेचा कायदा कागदावर किती आठवड्यांचा आहे याला महत्त्व आहेच, पण रजेवरून परतलेल्या बाईला काय मिळते हे बाकीच्या बायका फार बारकाईने पाहत असतात.

दुसरी गोष्ट नवऱ्याची. माझा नवरा समंजस आहे आणि त्याने कधीही घाई केली नाही. तो म्हणायचा, ‘तू म्हणशील तेव्हा.’ हे ऐकायला किती छान वाटते! मलाही पहिली दोन वर्षे छानच वाटले. नंतर माझ्या लक्षात आले की या एका वाक्याने तक्ता आखण्याचे, तारखा जुळवण्याचे, धोका पत्करण्याचे आणि उशीर झाला तर त्याचा दोष घेण्याचे सगळे काम माझ्या नावावर जमा झाले आहे. त्याची स्वतःची एकही ओळ त्या तक्त्यात नव्हती, कारण मूल झाल्याने त्याच्या नोकरीत काहीच बदलणार नव्हते. म्हणूनच ‘बायका मूल का लांबवतात’ हा प्रश्न मला तिरपा वाटतो. दोघांपैकी एकच जण घड्याळाकडे बघत असेल, तर वेळ चुकल्याचा जाबही तिलाच द्यावा लागतो.

तिसरे कारण बोलायला अवघड आहे. चांगली आई असण्याची अट वाढत गेली आहे. माझ्या आईकडून अपेक्षा होती की मूल जेवावे, शाळेत जावे आणि आजारी पडू नये. माझ्याकडून अपेक्षा अशी की त्याच्याशी सतत बोलावे, त्याच्या वयानुसार खेळ निवडावेत, त्याच्या भावना ओळखाव्यात, पडद्यापासून त्याला दूर ठेवावे आणि यातले काही राहून गेले तर अपराधी वाटून घ्यावे. ही परीक्षा इतकी कठीण करून ठेवली आहे की अभ्यास पुरा झाल्याशिवाय बसायची हिंमत होत नाही. बहुतेक जणी टाळतात ती ही परीक्षा; मुलाचा कंटाळा त्यात क्वचितच असतो.

जुना_वाचक

अबोलीताईंचे लिखाण आवडले, परंतु पूर्ण पटले नाही. आम्ही दोन खोल्यांत सात माणसे राहिलो, एका पगारात राहिलो, आणि त्यातच आमची तिन्ही मुले झाली व शिकली. आज माझ्या मुलीचे घर आमच्या घराच्या दुप्पट आहे, दोन पगार येतात, आणि तरीही ‘अजून परवडत नाही’ असे ती म्हणते. मला हे कोडे उलगडत नाही. पैसा हे कारण असते तर गरिबांनी सर्वांत उशिरा मुले होऊ दिली असती. प्रत्यक्षात उलट दिसते. मला वाटते की गरजा वाढल्या आहेत आणि आपण त्यांनाच परिस्थिती म्हणू लागलो आहोत. मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

मोजपट्टी

काका, तुमचे निरीक्षण चूक नाही, आणि त्याच्या बाजूने एक पुरावाही देतो. अमेरिकेत २००७ मध्ये एकूण जननदर २.१२ होता. २००८ च्या मंदीत तो उतरला तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरले की अर्थव्यवस्था सावरली की मुलेही परत येतील. अर्थव्यवस्था सावरली, तरी २०२३ मध्ये दर १.६२ च होता. तेव्हा निव्वळ पैशाच्या चणचणीने हे समजत नाही, हे मान्य.

परंतु ‘परवडणे’ या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक, मुलासाठी खिशातून जाणारा पैसा. दुसरी, मुलामुळे न मिळालेला पैसा. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात हेच मांडले की मुलाचा मोठा खर्च आईच्या वेळेचा असतो. तुमच्या घरात एक पगार होता आणि तो तुमचा होता. मूल झाल्याने तो कमी होणार नव्हता. तुमच्या मुलीच्या घरात दोन पगार आहेत, घराचे कर्ज दोघांच्या पगारावर बेतलेले आहे, आणि मूल झाले की त्यातला एक डळमळतो. उत्पन्न दुप्पट असूनही तिला गमावण्यासारखे तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. शिवाय, थोडे कठोर लिहितो, दोन खोल्यांतल्या त्या सात माणसांत मुलांकडे पाहणारे किमान दोन-तीन हात असणार, आणि त्या हातांना पगार नव्हता म्हणून तुमच्या हिशेबात ते दिसत नाहीत.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते स्त्रियांच्या श्रमाचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडल्याबद्दल. काही नोकऱ्यांना त्या ‘हावरट’ म्हणतात: अशा नोकऱ्यांत रात्री-अपरात्री उपलब्ध असणाऱ्याला तासाला जास्त दर मिळतो. घरात मूल आले की दोघांपैकी एकाने तरी उपलब्ध नसावे लागते, आणि हावरट नोकरी सोडते ती बहुधा बाई. अशा नोकऱ्यांत वरची पायरी साधारण तिशीत येते. शरीराचा आणि बढतीचा काळ एकच, हा दुर्दैवी योगायोग सोसायचा तो एकीनेच.

सरकारने काही केले तर बदलते का, हा मूळ प्रश्न राहिलाच होता. वेळ बदलते, हे नक्की. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात एक नियम होता: पहिल्या मुलानंतर ठरावीक काळात दुसरे झाले तर रजेतला भत्ता आधीच्या, म्हणजे जास्त पगारावर मिळे. हा काळ आधी २४ महिन्यांचा होता, १९८६ मध्ये तो ३० झाला. दुसरी मुले लक्षणीयरीत्या लवकर होऊ लागली. जर्मनीत लहान मूल सोडून कामावर जाणाऱ्या आईला ‘राबेनमुटर’, म्हणजे कावळी आई, असा टोमणा मारण्याची पद्धत होती. तिथे २००७ मध्ये निव्वळ पगाराच्या साधारण ६७ टक्के पालकभत्ता सुरू झाला आणि २०१३ पासून एक वर्षावरील प्रत्येक मुलाला पाळणाघराचा कायदेशीर हक्क मिळाला. टोमणा एका कायद्याने जात नाही, पण शेजारच्या दहा मुलांपैकी सहा पाळणाघरात जाऊ लागली की तो मारणारी माणसे कमी होतात.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. फिनलंडमध्ये रजा, पाळणाघरे, समानता सगळे असूनही एकूण जननदर २०१० मध्ये १.८७ होता, तो २०२३ मध्ये १.२६ झाला. आमच्या क्षेत्रात यावर एकमत नाही. मला स्वतःला वाटते की सोयींमुळे मूल हवे असलेल्यांची वाट सोपी होते, पण ‘आता’ हा शब्द त्या कोणाच्या तोंडून वदवू शकत नाहीत.

स्टेथोस्कोप

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. शेवंतीताईंची विनंती वाचली आहे, त्यामुळे सल्ला देत नाही. गैरसमजांबद्दल थोडे लिहितो.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख स्त्रीबीजे असतात आणि वयात येईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात. नवीन तयार होत नाहीत. गर्भधारणेची क्षमता साधारण ३२ पासून हळूहळू आणि ३७ नंतर जास्त वेगाने घटते. ३५ हा आकडा लोकांनी दरवाजा बंद होण्याची वेळ असल्यासारखा धरला आहे. तसा कोणताही दरवाजा नाही, तो उतार आहे. उलट काही जणी ४२ व्या वर्षी निर्धास्त येतात आणि ‘आता विज्ञान पुढे गेले आहे’ म्हणतात. शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या (आयव्हीएफ) उपचारातही बीज जर त्यांचेच वापरायचे असेल तर त्याचे वय आम्हाला कमी करता येत नाही.

बीज गोठवण्याबद्दल बरेच जण विचारतात. अमेरिकेतल्या प्रजननवैद्यक संघटनेने २०१२ मध्ये या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला आणि तेव्हापासून ती झपाट्याने पसरली. गोठवलेल्या बीजाचे वय तिथेच थांबते, हे खरे. पण ते पुढे मूल होण्याची हमी नसते. नोकरीत पुढे जाण्यासाठी बायका बीजे गोठवतात, हा समज मात्र तपासून पाहावा असा आहे. मार्शिया इनहॉर्न या मानववंशशास्त्रज्ञांनी अमेरिका आणि इस्रायलमधल्या, बीजे गोठवलेल्या १५० स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. बहुसंख्य स्त्रियांचे कारण नोकरी नव्हते. मूल होऊ देण्यास तयार असलेला जोडीदार त्यांच्यापाशी नव्हता. माझ्या तपासणीच्या खोलीतही हेच ऐकू येते. बाई एकटी आलेली असते, तिच्या हातात तपासण्यांची जाड फाइल असते, आणि जोडीदाराची साधी वीर्यतपासणीही झालेली नसते, कारण ‘तो म्हणाला आधी तुझे बघू’. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचाही काही दोष असतो. पुरुषाच्या वयाचाही परिणाम होतो: आइसलँडमधल्या २०१२ च्या संशोधनानुसार वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे मुलात सुमारे दोन नवी जनुकीय उत्परिवर्तने जास्त येतात. यातली बहुतेक निरुपद्रवी असतात, तेव्हा घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. घड्याळ दोघांच्या मनगटावर आहे, एवढेच सांगायचे आहे.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरे झाले. माझे बाबा तोच प्रश्न मनात ठेवतात आणि विचारत नाहीत.

अबोलीताईंचा ‘तू म्हणशील तेव्हा’ हा परिच्छेद मी काल रात्री नवऱ्याला वाचून दाखवला. आमच्याकडचे वाक्य थोडे वेगळे आहे, ‘तुझी तयारी झाली की सांग’, पण जातकुळी तीच. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने वही मागितली आणि ताईंसारखा तक्ता आखायला घेतला. माझ्या ओळी मी भराभर सांगितल्या, कारण त्या मला पाठ होत्या. त्याच्या ओळीशी आल्यावर तो अडला. त्याच्या कार्यालयात वडिलांना रजा मिळते का, किती दिवस आणि कधी घ्यावी लागते, हे त्याला ठाऊक नव्हते. सात वर्षांत त्याने ते कधी पाहिलेच नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही त्याला कधी विचारले नव्हते.

आज दुपारी त्याने नियमपुस्तिका उघडून पाहिली. रजा आहे, आणि ती एकदम किंवा तुकड्यांत घेता येते. कार्यालयाच्या ठरलेल्या नमुन्यात अर्ज करायचा, म्हणून तो संबंधित विभागात नमुना मागायला गेला, तर तेथील बाईंना तो शोधावा लागला, कारण त्याच्या विभागातून आजवर ती रजा कोणी घेतलेली नाही. ‘इतक्यात हवी आहे का?’ असे त्यांनी विचारले आणि तो म्हणाला, ‘अजून नाही, पण नमुना देऊन ठेवा.’

इथल्या कोणाच्या नवऱ्याने ती रजा पूर्ण घेतली असेल, तर परत कामावर गेल्यावर त्याच्या जागेचे आणि त्याच्याकडच्या कामाचे काय झाले, हे वाचायला मला आवडेल.